मध्ये चार मुलं

एका रांगेत सुनील डावीकडून चौदावा आहे, अनिल उजवीकडून सतरावा आहे. दोघांच्या मध्ये चार मुलं आहेत. तर रांगेत एकूण मुलं किती?

हा प्रश्न मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नाही. सुनील-अनिलच्या जागी कधी राम-श्याम, कधी नेहा-स्नेहा. उत्तर ३५. चौदा, चार आणि सतरा यांची बेरीज. ‘बघा, फुकटचा मार्क आहे, सोडू नका,’ असं म्हणत मी डस्टर फिरवायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. तालुक्याच्या गावात अठरा वर्षं बुद्धिमत्ता चाचणी शिकवतोय. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, मधूनच स्कॉलरशिपची पोरं. त्यातली पंधरा वर्षं तरी हे उत्तर मला डोळे झाकून बरोबर वाटत होतं.

ते चूक नाही, पण बरोबर म्हणावं असंही नाही. एवढं समजायला मला फार वेळ लागला, आणि समजलं तेही स्वतःहून नाही.

आधी माझा स्वभाव सांगतो, कारण त्यात गणिताचा दोष कमी आणि स्वभावाचा जास्त होता. मी स्पर्धा परीक्षेतून ‘परत आलेला’ माणूस. हा आमच्याकडचा शब्द आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर चार-पाच वर्षं काढायची, मेसचे डबे खायचे, अभ्यासिकेच्या खुर्चीला पाठ घासायची आणि पद न घेता गावी यायचं, त्याला परत आलेला म्हणतात. एका खात्याच्या प्रतीक्षा यादीत मी तिसरा होतो. पहिल्या दोघांना बोलावणं आलं, मग यादीची मुदत संपली. असा तिसरा नंबर वाट्याला आला की माणूस एकतर रांगांचा द्वेष करतो नाहीतर त्यांच्यावर नको तितका विश्वास ठेवतो. माझं दुसरं झालं. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, ती एकच आहे, आणि जो ती आधी ओळखतो तो सुटतो, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि धंदाही तसाच मिळाला. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न. एका प्रश्नाला ५४ सेकंद. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही गोळा कोरा सोडायचा नाही. अशा ठिकाणी विचार ही चैन असते असं मी उघड म्हणायचो. क्लासच्या भिंतीवर मी स्वतः रंगवून घेतलं होतं : ‘डावा क्रमांक + उजवा क्रमांक – १ = एकूण.’ वहीत रेघा मारून, ठिपके काढून कुणी मुलं मोजताना दिसलं की माझा एक ठरलेला डायलॉग होता, ‘रांगा काढत बसाल तर रांगेतच राहाल.’ पोरं हसायची. मलाही तो डायलॉग फार आवडायचा.

तर हे मला दाखवलं ते एका मुलीने. तिचं नाव सांगत नाही. सकाळी ग्राउंड करून, एसटीने चौदा किलोमीटर येऊन ती दहाच्या बॅचला बसायची. केस ओले, पायात ग्राउंडचेच बूट. आठशे मीटरला चांगली होती, गोळाफेकीत कमी पडायची. बुद्धिमत्तेत तिला मी मधली समजत असे. हात वर करायची नाही, आणि रेघा मारायची. पानाच्या समासात बारीक बारीक उभ्या रेघा, जणू गवत उगवलंय.

एका रविवारच्या सराव पेपरात सुनील-अनिलचा प्रश्न होता. पर्याय मीच टाकलेले : ३५, २५, ३१, सांगता येत नाही. तिने चौथा गोळा काळा केला. मी लाल पेनने फुली मारली. दारावर निकालाची यादी लागायची, नंबरांसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या एका मार्काने ती दुसऱ्यावरून पाचवी झाली, कारण वरती सगळी गर्दी एकेका मार्काचीच होती.

पेपर परत दिल्यावर ती टेबलाशी आली. म्हणाली, ‘सर, ते दोघं एकमेकांना ओलांडून उभे असले तर?’

मला खरंच कळलं नाही. मी म्हणालो, ‘रांगेत ओलांडून कोण उभं राहतं?’

मागे हशा पिकला. ती म्हणाली, ‘म्हणजे अनिल अलीकडं आणि सुनील पलीकडं. तरी मध्ये चारच राहतात.’

मी घड्याळाकडे बघितलं. ‘अगं, चोपन्न सेकंद आहेत. एवढं डोकं चालवत बसलीस तर पुढचे चार प्रश्न जातील. दिलंय तेवढंच बघायचं.’

ती ‘बरं सर’ म्हणून जागेवर गेली. तिने वाद घातला असता तर मी कदाचित ऐकलं असतं, असं मी नंतर स्वतःची समजूत घालायला म्हणत असे. ते खरं नाही. वाद घातला असता तर मी तिला वर्गाबाहेर काढलं असतं.

यानंतर आठ महिने गेले. ती क्लास सोडून गेली होती, भरती निघाली आणि तिने दुसऱ्या जिल्ह्यात फॉर्म भरला एवढं कानावर आलं. मी नव्या बॅचसाठी नोट्स सुधारत होतो. पर्याय बदलावेत म्हणून जुने बघत होतो आणि मला प्रश्न पडला, या प्रश्नाला २५ हा पर्याय मी आणला कुठून? चुकीचा पर्याय टाकताना मास्तर उगाच आकडा टाकत नाही. पोरगं कुठे फसेल ते बघून टाकतो. मग २५ ला कोण फसेल?

दोन पानं उलटली आणि उत्तर समोर आलं. माझ्याच नोट्स, माझंच अक्षर. ‘प्रकार ६ : रांगेत कमीत कमी किती मुलं असतील?’ खाली सूत्र : दोन्ही क्रमांकांची बेरीज, त्यातून मधली मुलं वजा, आणखी दोन वजा. १४ + १७ – ४ – २ = २५. म्हणजे मला माहीत होतं. एकमेकांना ओलांडून उभं राहता येतं हे मी दर बॅचला शिकवत होतो, फक्त ‘कमीत कमी’ असा शब्द प्रश्नात आला तरच. प्रकार ४ मध्ये, म्हणजे सुनील-अनिलच्या प्रश्नात, तीच दोन मुलं, तेच आकडे, पण तिथे ती ओलांडून उभी राहू शकत नव्हती, कारण ते प्रकार ६ मध्ये शिकवायचं होतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी ताटलीत शेंगदाणे घेतले आणि फरशीवर ओळ मांडली. पंचवीस. डावीकडून चौदावा दाणा जरा पुढे सरकवला, तो सुनील. मग उजव्या टोकाकडून मोजत आलो. सतरावा दाणा सुनीलच्याही डावीकडे निघाला, डावीकडून नववा. तो अनिल. नऊ आणि चौदाच्या मध्ये दहा, अकरा, बारा, तेरा. चार. मी परत मोजलं. बायको ओटा पुसत होती, तिने विचारलं, ‘अहो, ते खायला घेतलेत की शिकवायला?’

मी काही बोललो नाही. अनिल आणि सुनील तोंडात टाकले आणि बाकीचे बरणीत परत भरले.

इथपर्यंत ती एक चूक होती. उत्तरतालिकेत चुका होतात, आयोगाच्याही होतात. प्रथम उत्तरतालिका लागते, हरकती मागवतात, अंतिम तालिकेत एखादा प्रश्न रद्द होतो. माझ्या क्लासात हरकतीची सोय नव्हती एवढंच. पण त्या दाण्यांनंतर माझं जे बिनसलं ते एका प्रश्नापुरतं राहिलं नाही. मी जे शिकवतो ते नक्की काय आहे, हे मला नव्याने बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बॅचला विचारलं, ‘एकूण काढताना एक वजा का करतो आपण?’ साठ मुलं. कुणी म्हणालं सूत्र आहे, कुणी म्हणालं भिंतीवर आहे. हे दुसरं उत्तर मला लागलं. शेवटी मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, ‘सर, तो स्वतःला दोन्हीकडनं मोजतो ना. एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं. म्हणून एकदाचा काढून टाकायचा.’ आपल्याकडे ‘दहावा कुठे’ची गोष्ट आहे. दहा जण नदी ओलांडतात, प्रत्येक जण मोजतो तेव्हा नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला विसरतो. मग वाटसरू येऊन सांगतो, दहावा तूच. वेदान्तवाले ती गोष्ट आत्मज्ञानासाठी सांगतात. मी ती आता रांगेसाठी सांगतो, उलटी करून : तिथे माणूस स्वतःला विसरतो, इथे दोनदा धरतो. भिंतीवरचं सूत्र मी पुसलं नाही, पण त्या दिवसानंतर त्याच्याकडे बोट दाखवणं थांबवलं.

मग उंचीचे प्रश्न. यात माझं मत जास्त बदललं, आणि जास्त लाजही तिथेच वाटते.

‘मीनापेक्षा रेखा उंच आहे.’ वहीत कसं लिहायचं? निम्मी पोरं लिहायची, मीना, मग मोठेपणाचं चिन्ह, मग रेखा. उलटं. मी वर्षानुवर्षं समजत होतो की यांना विचारच करता येत नाही, शाळेने वाट लावलीय, पाया कच्चा आहे. प्रत्यक्षात ती पोरं वाक्य ज्या क्रमाने कानावर पडलं त्या क्रमाने लिहीत होती. मराठीत ‘मीनापेक्षा रेखा उंच आहे’ आणि ‘रेखा मीनापेक्षा उंच आहे’ ही दोन्ही वाक्यं सारखीच चालतात. कुठलं नाव आधी येतं याला काही अर्थ नाही. सगळा अर्थ त्या ‘पेक्षा’त आहे, आणि तो ज्या नावाला चिकटतो ती व्यक्ती मोजपट्टी होते. हे मी स्वतः कधी कुठे वाचलेलं नव्हतं, आपोआप करत होतो. त्यांना सांगायचं मात्र कधी सुचलं नाही. आता पहिल्याच तासाला एकच काम देतो : पेपरात जिथे जिथे ‘पेक्षा’ दिसेल तिथे गोल करा, आणि गोलातल्या नावाला जमिनीवर उभं करा. बाकीच्यांना त्याच्या बाजूला उभं करून बघा, वर जातात की खाली.

त्याहून वाईट म्हणजे भाषांतरित वाक्यं. आपल्या बाजारातल्या प्रश्नसंचांत ती फार. ‘रेखा मीनापेक्षा उंच आहे परंतु सुधाएवढी नाही.’ एका पोराने विचारलं होतं, ‘सर, सुधाएवढी नाही म्हणजे जास्त की कमी?’ मी तेव्हा सगळ्या वर्गासमोर त्याची नक्कल केली होती. पण प्रश्न रास्त होता. आपण बोलताना ‘एवढी नाही’ म्हणतो तेव्हा कमी असंच धरतो, आणि परीक्षेतही तेच धरायचं. मात्र शब्द नुसता ‘तेवढी नाही’ म्हणतोय, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि माझ्या आलं नव्हतं. तसंच ‘सचिन राहुलपेक्षा लहान नाही.’ मी याचं उत्तर सचिन मोठा असं द्यायचो. जुळे असतील तर? तीन माणसांना ओळीत लावायच्या तऱ्हा सहा. पण बरोबरीला परवानगी दिली तर त्या तेरा होतात. हे मी वर्गात बोटांवर करून दाखवलं तेव्हा जुळ्या बहिणींपैकी एक आमच्याच बॅचला बसलेली होती, आणि ती म्हणाली, ‘सर, आमच्यात पण ती सात मिनिटांनी मोठी आहे.’ म्हणजे परत सहा. मी हात टेकले.

हे सगळं चालू असताना मला एका पुस्तकात जाँ पियाजे भेटला. स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ, मुलं विचार कसा करतात यावर आयुष्य घालवलेला. त्याची सुरुवात कशी झाली ते मला माहीत नव्हतं. विशीत असताना तो पॅरिसमध्ये होता आणि त्याच्याकडे एक रटाळ काम आलं होतं. इंग्लंडच्या सिरिल बर्टने शाळकरी मुलांसाठी तर्काच्या चाचण्या केल्या होत्या, त्या पॅरिसच्या मुलांवर घेऊन प्रमाणित करायच्या. किती मुलांचं उत्तर बरोबर येतं ते मोजायचं, बस. त्यातला एक प्रश्न तर अगदी आपल्या पोलीस भरतीतला शोभावा. तीन मुली. एडिथचे केस सुझानपेक्षा उजळ आहेत आणि लिलीपेक्षा गडद आहेत. सर्वांत गडद कोणाचे?

उत्तर सुझान. पण बरीच मुलं लिली सांगत. पियाजेने बरोबर उत्तरं मोजायची सोडून चुकलेल्यांना विचारायला सुरुवात केली, असं का म्हणतोस? तेव्हा त्याला दिसलं की मुलं ‘पेक्षा’ ऐकतच नाहीत. एडिथ आणि सुझान उजळ, एडिथ आणि लिली गडद, असं ती धरतात. मग एडिथ दोन्हीकडे आली, म्हणजे ती मधली. सुझान नुसती उजळ, लिली नुसती गडद. सगळी रांग उलटी, पण त्यांच्या हिशेबाने चोख. पुढचं त्याचं सगळं काम त्या चुकांच्या मागे गेलं.

मी ते वाचून पुस्तक मिटलं. माझ्यासमोर पंधरा वर्षं तीच मुलं बसली होती. मी फक्त फुल्या मारल्या. आणि त्या मुलीचं तर उत्तरही चुकलेलं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मला खरोखर आवडायला लागली आहे. पाच मित्र आहेत, कोण उंच कोण बुटका काहीच माहीत नाही. बरोबरी नाही असं धरा. ओळीत लावायच्या तऱ्हा १२०. पहिलं वाक्य आलं : अ हा ब पेक्षा बुटका. लगेच निम्म्या गेल्या, ६० उरल्या. दुसरं वाक्य आलं : ब हा क पेक्षा बुटका. आता २०. तिसरं, क हा ड पेक्षा बुटका, आणि ५ उरल्या. चौथं, ड हा इ पेक्षा बुटका, आणि एकच उरली. पण दुसरं वाक्य जर ‘क हा ड पेक्षा बुटका’ असं आलं असतं, आधीच्याशी धागा न जुळणारं, तर २० नाही, ३० उरल्या असत्या. म्हणजे प्रत्येक वाक्याला किंमत आहे, आणि ती किंमत ते वाक्य कुठे येऊन जोडलं जातं त्यावर ठरते. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा पोरं पहिल्यांदा शेवटच्या ओळीकडे न बघता वाक्या-वाक्याला थांबली. ‘आता किती उरल्या?’ ‘आता?’ कबड्डीत गडी बाद होतात तशी ती शक्यता बाद करत होती. या खेळात उत्तर काय ते कुणी विचारतच नव्हतं.

आधी मी हे प्रश्न म्हणजे लपवलेली रांग शोधून काढण्याचं काम समजत होतो. आता मला वाटतं, दिलेल्या वाक्यांनी रांगेचा किती भाग खरोखर ठरला आणि किती अजून मोकळा आहे, हे ओळखणं त्यातलं मोठं काम आहे. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय मी नेहमी चौथ्या जागी टाकायचो, भरतीचा माल म्हणून, दगडाची जागा भरायला विटेचा तुकडा घालावा तसा. पोरांनाही माहीत झालं होतं की सरांच्या पेपरात चौथा गोळा कधी काळा करायचा नाही. म्हणजे मी त्यांना खूण शिकवली होती. ठरत नाही तिथेही काहीतरी ठरवून टाका.

आणि बाहेर काय वेगळं चालतं? २०२३च्या तलाठी भरतीत उमेदवारांनी वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर दिले. सगळ्यांची मिळून एकच यादी लावायची तर गुणांचं सामान्यीकरण करावं लागतं, आणि ते झाल्यावर काही उमेदवारांचे गुण २०० पैकी २००च्या वर गेले. आमच्या अभ्यासिकेत त्यावर आठवडाभर खडाजंगी झाली. त्या गणितात खोट नाही, त्याला नियम आहेत, आणि यादी तर लावावीच लागते. पण सकाळच्या सत्रातली मीना आणि दुपारच्या सत्रातली सुधा यांना एकाच पट्टीवर बसवण्यासाठी काहीतरी गृहीत धरावं लागलंच, हे मला त्या शेंगदाण्यांआधी कधी दिसलं नसतं. मी म्हणालो असतो, यादी लागली, विषय संपला. माझ्या स्वतःच्या प्रतीक्षा यादीबद्दलही मी तसंच म्हणत आलो होतो. पहिल्या दोघांत आणि माझ्यात अर्ध्या मार्काचं अंतर होतं. त्या अर्ध्या मार्काने मी किती वर्षं स्वतःला कमी समजलो, ते इथे लिहीत नाही.

सगळंच मत बदललं असं मात्र नाही. सूत्रांना मी नावं ठेवत नाही. अदलाबदलीच्या प्रश्नात, म्हणजे अमित डावीकडून नववा, सुमित उजवीकडून बारावा, जागा बदलल्यावर अमित डावीकडून एकविसावा झाला तर एकूण किती, अशा ठिकाणी सूत्राइतकं सुंदर काही नाही. अमित आता सुमितच्या जागेवर आहे. जागा हलली नाही, माणूस हलला. ती जागा उजवीकडून अजूनही बारावीच आहे. २१ + १२ – १ = ३२. एवढं एकदा डोक्यात बसलं की तो प्रश्न खरंच फुकटचा मार्क आहे. आठ जण गोल टेबलाभोवती, प्रत्येकाचा आवडता रंग वेगळा, गाव वेगळं, कुणी आत तोंड करून तर कुणी बाहेर, असले प्रश्न मात्र मला आजही निव्वळ छळ वाटतात. तशी बैठक मी कुठल्या लग्नातही बघितलेली नाही.

दारावरची यादी मी बंद केली. ते काही फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. नंबर लावले की पोरं फक्त वरचा आणि खालचा बघतात, पेपर कुणी उघडत नाही. आता पेपर परत देतो आणि पहिला अर्धा तास फक्त चुकलेल्यांना बोलतं करतो. यात बॅच मागे पडते. दोन पालकांनी तक्रार केली की समोरच्या क्लासात अभ्यासक्रम संपला आणि तुमचा अजून निम्म्यावर. तेही खरं आहे, त्यांची काळजी मला समजते. फी त्यांनी भरलेली आहे, आणि भरतीची जाहिरात कुणासाठी थांबत नाही.

त्या मुलीला मी फोन केला नाही. नंबर होता. काय म्हणायचं ते ठरेना. तुझा एक मार्क माझ्याकडे राहिलाय, असं म्हणायचं? एका जिल्ह्याची अंतिम निवड यादी ऑनलाइन लागली तेव्हा मी त्यात तिचं नाव शोधलं. त्या आडनावाच्या, त्याच पहिल्या नावाच्या तिघी होत्या आणि वडिलांचं नाव मला आठवेना.

गेल्या महिन्यात नव्या बॅचला सुनील-अनिल शिकवला. या वेळी आधी मुलांनाच पुढे बोलावून उभं केलं. वर्गात जागा नव्हती, रांग दारातून जिन्यापर्यंत गेली. एकदा पस्तीस जणांची केली, मग दहा जणांना बसवून पंचवीसची केली, आणि सुनील झालेल्या पोराला म्हणालो, तू पलीकडे जा. त्याने अनिलला ओलांडलं. मोजलं, चार. वर्ग गप्प झाला.

मग एकाने विचारलं, ‘सर, पण पेपरला कोणतं मारायचं?’

मी म्हणालो, ‘पर्यायात पंचवीस आहे का ते आधी बघ. नसेल तर पस्तीस.’

‘आणि दोन्ही असले तर?’

‘तर चौथा बघ.’

‘आणि चौथा नसला तर?’

मी घड्याळाकडे बघितलं. चोपन्न सेकंद कधीच होऊन गेले होते. म्हणालो, ‘पस्तीस मार. आणि घरी आल्यावर हरकत नोंदव.’